सतरा आणि वीस यांच्यामधली वई

देवबाग हे गाव मुळातच हद्दीवर वसलेलं आहे. एका हाताला अरबी समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी आणि मध्ये माडांची चिंचोळी पट्टी. उधाणात समुद्र थोडी जमीन मागतो, पावसात नदी थोडी मागते आणि उरलेली चुलतभाऊ मागतो.

माझ्या मामांचं घर या पट्टीवर आहे, आणि मामांचा वादग्रस्त माड त्याहून बारीक पट्टीवर, म्हणजे त्यांच्या आणि चुलतभावाच्या मधल्या वईत. चुलतभावाचं म्हणणं, मुळं माझ्या बाजूला म्हणजे माड माझा. मामांचं म्हणणं, हद्दीवरचो माड निम्मो निम्मो. हा दावा मालवणच्या दिवाणी न्यायालयात एकोणीस वर्षं चालू आहे. वकिलाची फी, एसटीचं भाडं आणि तारखेच्या दिवशीची मिसळ धरली तर त्या माडाचा एकेक नारळ मामांना हापूसच्या पेटीच्या भावात पडला आहे. पण मामांचा चेहरा खुलतो तो तारीख पडली की. निकालाचा विषय काढला तर ते आजारी दिसायला लागतात.

अशा माणसाला घेऊन मी पणजीच्या कॅसिनोत गेलो, ही चूक माझी.

त्याचं असं झालं. मामांच्या दोन खोल्यांच्या न्याहारी-निवासात पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. त्यांनी पुढच्या मुक्कामासाठी मांडवीतल्या एका कॅसिनो बोटीचे दोन पास आधीच घेऊन ठेवले होते. तारकर्लीला पॅराशूटला लटकून आल्यावर त्यातल्या साहेबांची पाठ धरली आणि ते थेट पुण्याला परतले. जाताना पास मामांना देऊन गेले. जेवण फुकट, खेळण्यापुरत्या चिप्स फुकट. फुकट या शब्दावर मामांनी पास दोनदा उलटून बघितला.

"जुगाराक जातास?" मामी म्हणाल्या.

"जुगाराक नाय गो, बोट बघूक."

ज्या माणसाच्या अंगणातून दिवसाला पन्नास बोटी दिसतात, तो बोट बघायला सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

महामार्गाने सरळ गेलो असतो तर लवकर पोचलो असतो, पण मोती तलावाच्या काठी चहा घेतल्याशिवाय सावंतवाडीच्या पुढे जायचं नाही, हा मामांचा नियम. चहानंतर राजवाड्यात गंजिफा बघितला. गोल पत्ते, लाखेचं काम आणि दशावतारी गंजिफा असेल तर दहा अवतारांचे प्रत्येकी बारा, असे १२० पत्ते. प्रत्येक अवताराचा राजा वेगळा, वजीर वेगळा. मामा बराच वेळ काचेला नाक लावून उभे होते.

"बघ झिला," ते म्हणाले, "आमच्या वाडवडलांनी पत्ते कुटले ते पण धा अवतारांक साक्षी ठेवन. फसवतलो कोण?"

दहा अवतारांत कृष्णही येतो, हे मी बोललो नाही.

बांदा ओलांडून पत्रादेवीला गोव्यात शिरलो. या हद्दीची एक गंमत आहे. १९७६ साली महाराष्ट्राने कॅसिनोंना परवानगी देऊन त्यांच्यावर कर बसवणारा कायदा केला. त्याच १९७६ साली गोव्याने सार्वजनिक जुगाराला बंदी घालणारा कायदा केला. परिणाम काय झाला? परवानगीचा कायदा असलेल्या महाराष्ट्रात एकही कॅसिनो उघडला नाही, आणि बंदीचा कायदा असलेल्या गोव्यात नदी भरून कॅसिनो झाले. गोव्याने १९९२ साली बंदीच्या कायद्यात एक फट ठेवून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणली, १९९६ साली फट रुंद करून बोटी आणल्या. आपला कायदा मात्र कधी लागूच झाला नाही, आणि २०२३ साली सरकारने तो रद्द केला. मुंबई-गोवा महामार्गालाही इतकी वर्षं लागलेली नाहीत. अजून तरी.

मामांना हे सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "सत्तेचाळीस वर्सां आनी एकपण तारीख नाय? फुकट गेलो कायदो."

पणजीच्या धक्क्यावर पहिली अडचण आली. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोमंतकीयांना कॅसिनोत जायला बंदी आहे. ही बोट फक्त बाहेरच्यांसाठी. मामांची भाषा ऐकून दारावरच्या पोराला संशय आला.

"तुमी गोंयचे?"

"गोंयचे?" मामांनी छाती पुढे काढली. "मालवणी!"

पोराला त्यातला फरक कळेना. शेवटी आधार कार्ड निघालं. त्यावर मुक्काम पोस्ट देवबाग, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग असं वाचून त्याने आत सोडलं. या पत्त्यावर आजवर ना वेळेवर वीज आली होती ना कर्ज मंजूर झालं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो पत्ता उपयोगी पडला.

लहान होडीने आम्हाला मोठ्या बोटीवर सोडलं. आत गालिचे, झुंबरं आणि पौष महिन्यासारखी थंडी. मामा खिडकीशी जाऊन बसले. अर्धा तास झाला.

"ही सुटतली कधी?" त्यांनी एका वेटरला विचारलं.

"सर, ये चलती नहीं."

"चलाची नाय तर बोट कशाक?"

मी त्यांना समजावलं की जमिनीवर कायदा फक्त यंत्रांना परवानगी देतो. माणसाने पत्ते वाटायचे, चाक फिरवायचं, तर ते पाण्यावर. म्हणून बोट. ती कुठे जाण्यासाठी नाही, नदीत असण्यासाठी आहे. मला वाटलं मामा हसतील. पण ते गंभीर झाले आणि आदराने मान हलवत म्हणाले, "म्हणजे हद्दीची गजाल."

त्या क्षणापासून मामांना तिथे घरच्यासारखं वाटायला लागलं.

मालवणच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव बघतात तसे हात मागे बांधून मामा तासभर रूलेटच्या टेबलाशी उभे राहिले. हिरव्या कापडावर आकड्यांच्या चौकटी, तीन-तीनच्या ओळीत. चाकावर शून्य धरून ३७ घरं. एका आकड्यावर लावलं आणि लागलं तर ३५ पट. दोन आकड्यांच्या मधल्या रेषेवर चिप ठेवली तर दोघांतला कुठलाही लागला तरी चालतो, पण मग १७ पट. घरं ३७ आणि पैसे ३५ पट, या फरकावर ती सगळी झुंबरं लटकलेली आहेत. मामांनी हे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे देवाचो नारळ आधीच बाजूक काढलेलो."

मग खिशातून पाचशेची एक चिप काढून त्यांनी सतरावर ठेवली. सतराच का? माडाच्या दाव्याची पुढची तारीख सतरा होती.

गोळी फिरली, उडाली, अडखळली आणि सतरात बसली.

टेबलावरची मुलगी ईशान्येकडची होती. तिने हसून पस्तीस चिप्सची चवड मामांच्या पुढे सरकवली. साडेसतरा हजार! मामांनी ती चवड तीनदा मोजली आणि उठले.

"अजून एकदा लावूया?" मी म्हणालो.

"मासो गावलो की होडी परतवची. चल, जेवया."

चिप्स मोडून रोख घेतली. जेवणात मामांनी सुरमईचा एक घास घेतला, तिच्या मृत्यूची अंदाजे तारीख सांगितली आणि नंतर फक्त कोंबडीवर लक्ष ठेवलं. हात धुऊन आम्ही होडीकडे निघालो, तेवढ्यात काळ्या कोटातले एक गृहस्थ आडवे आले.

"अंकल, एक छोटा सा मिस्टेक हो गया है."

मिस्टेक नऊ हजारांची होती. त्यांचं म्हणणं असं, की मामांची चिप सतराच्या चौकटीत नव्हती, ती सतरा आणि वीस यांच्यामधल्या रेषेवर होती. म्हणजे देणं १७ पटीने ८,५०० होत होतं. मुलीने ३५ पटीने १७,५०० दिले. वरचे ९,००० परत करावेत.

मी पाकिटाकडे हात नेला. मामांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती साडेसतरा हजार मिळाल्यावरही आली नव्हती.

"हद्दीचो वाद आसा काय?" त्यांनी हळुवारपणे विचारलं. "मगे बसान बोलूया."

आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं. पडद्यावर चित्रफीत लावली. छतावरच्या कॅमेऱ्यातून टेबल दिसत होतं. मामांचा केसाळ हात आला, चिप ठेवून गेला. साहेबांनी चित्र थांबवून मोठं केलं. चिपची कड रेषेवर होती. निदान मला तरी तशी दिसली.

"क्यामेरो खंय आसा?" मामा.

"ऊपर."

"वरसून बघल्यार सगळाच रेषेर दिसता. बाजूसून दाखव."

बाजूने कॅमेरा नव्हता. मामांनी ते वहीत टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, मोजणी कोणी केली? साहेब म्हणाले, सिस्टीमने. सिस्टीम शासकीय आहे की खासगी? खुणा पक्क्या आहेत की कच्च्या? पंचनामा झाला का? पंच कोण? आणि शेवटी, टेबलावर बोट ठेवून, त्यांनी जो प्रश्न विचारला त्याला त्या बोटीवर कोणाकडेच उत्तर नव्हतं.

"मोजणीच्या आधी लगतच्या खातेदाराक नोटीस देवची लागता. वीस नंबरवाल्याक दिलात काय?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

"अंकल, हाउस का डिसिजन फायनल होता है. बोर्ड पर लिखा है."

"सात-बारावर पण लिवलेला आसता," मामा म्हणाले. "तरी पोटहिस्से पडतत."

साहेब थकले. रात्र वाढत होती, बाहेर गिऱ्हाइकं होती, आणि पुढे बसलेला माणूस मात्र आता कुठे रंगात आला होता. मामांनी शेवटी दोनच शब्द उच्चारले, जे ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीतला पंखा फिरायचा थांबतो.

"लेखी द्या."

आम्हाला जाऊ दिलं. पत्ता त्यांच्याकडे होताच. परत येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर दारूसाठी गाडी अडवली.

"काय आसा गाडयेत?"

"वादग्रस्त रक्कम," मामा म्हणाले.

गाडी बाजूला घ्यावी लागली. सीटखालपासून सुट्या टायरपर्यंत सगळं तपासून झाल्यावर सुटलो.

घरी आल्यावर मामींनी ८,५०० तांदळाच्या डब्यात ठेवले. उरलेले ९,००० मामांनी वेगळ्या पाकिटात घातले, नोटांचे नंबर लिहून ठेवले आणि पाकीट माडाच्या फायलीला नाडीने बांधलं. पुढच्या आठवड्यात रजिस्टर पत्र आलं. मामांनी सही करताना पोस्टमनला चहा पाजला आणि अंगणात पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. देवबागात अंगण म्हणजे आकाशवाणी. पत्राची भाषा नम्र होती: नजरचुकीने जादा दिलेली रक्कम १५ दिवसांत परत करावी.

त्या रात्री मी फोनवर जगातले असले तंटे वाचून दाखवले. २०१२ साली लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये फिल आयव्ही नावाचा पत्त्यांचा उस्ताद सुमारे ७७ लाख पौंड जिंकला. त्याने पत्त्यांच्या पाठीवरच्या नक्षीतला बारीक फरक हेरला होता. क्लबने पैसे दिलेच नाहीत, आणि २०१७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने क्लबची बाजू उचलून धरली.

"पाच वर्सां," मामा हळहळले. "लवकर आटापलो."

मग अमेरिकेतली गोष्ट. न्यूयॉर्कच्या एका कॅसिनोत २०१६ साली यंत्राने एका बाईला सुमारे ४ कोटी २९ लाख डॉलर लागल्याचं दाखवलं. तिने यंत्रासमोर फोटोही काढला. कॅसिनोने सांगितलं, यंत्र बिघडलं होतं. तुमचे होतात सव्वादोन डॉलर, आणि वर आमच्यातर्फे स्टेकचं जेवण.

"जेवणाक बोलवल्यानी!" मामा उसळून म्हणाले. "आमका सोलकडी तरी इचारल्यानी?"

दुसऱ्या दिवशी मालवणला वकिलांकडे गेलो. एकोणीस वर्षांत या दोघांचं नातं अशील आणि वकील यांच्या पलीकडे जाऊन व्याह्यांसारखं झालं आहे. वकिलांनी पत्र वाचलं, चष्मा काढला.

"हे बघा भाऊ, करार कायदा १८७२ चा. कलम ३० म्हणतं, पैजेचा करार रद्दबातल. पैजेत जिंकलेल्या पैशांसाठी दावाच लावता येत नाही."

मामांचा चेहरा उतरला. "दावोच चलाचो नाय?"

"नाही."

"समजा तेंनी माका कमी दिले आसते, तर?"

"तरी नाही."

"ह्यो कसलो कायदो?" मामांच्या आवाजात खरंखुरं दुःख होतं. या देशात दोन माणसांना एकमेकांवर दावा लावता येत नाही अशी एखादी जागा आहे, हे त्यांना सत्तराव्या वर्षी कळत होतं.

"पण," वकील म्हणाले, आणि मामा पुन्हा सरळ बसले. "कलम ७२ आहे. चुकून कुणी पैसे दिले तर घेणाऱ्याने ते परत करायचे. ते म्हणतील, आम्ही पैज मागतच नाही, चूक मागतोय. त्यावर भांडता येईल."

"मगे भांडया!"

वकिलांनी कपाटातून माडाची फाईल काढली. ती उचलायला दोन हात लागले. त्यांनी पहिलं पान उघडलं.

"भांडणार काय म्हणून? चिप रेषेवर होती, तरी सगळी सतराचीच, असंच ना?"

"तसाच."

"आणि इथे एकोणीस वर्षं आपण काय सांगतोय?"

पंख्याचा आवाज येत राहिला. मामा फाईलकडे बघत होते. हद्दीवरचं ते निम्मं निम्मं, हे त्यांच्याच सहीने पानोपानी लिहिलेलं होतं. कॅसिनोही तेच म्हणत होता. रेषेवरची चिप म्हणजे दोन घरांची, म्हणून देणं जवळजवळ निम्मं. नऊ हजारांसाठी मामांनी 'रेषेवरचं ते सगळं एकाचंच' असं एकदा लेखी दिलं, की चुलतभाऊ तोच कागद घेऊन कोर्टात उभा राहणार.

"तेका कळाचा नाय," मामा पुटपुटले.

पण पत्र अंगणात वाचलेलं होतं. आम्ही घरी पोचलो तेव्हा चुलतभाऊ वईपाशी दातात काडी घालून उभा होता.

"काय रे," तो गोड आवाजात म्हणाला, "क्यासिनोवाल्यांक काय जबाब देतलस? माका एक झेरॉक्स दी हां."

मामांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी सातला त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. अर्ध्या माडासाठी ते नऊ हजार रुपये पाण्यात सोडायला निघाले होते, आणि त्या पाण्यापर्यंत पोचायला वर पेट्रोल.

या खेपेला सावंतवाडीला चहासुद्धा झाला नाही. बोटीवर रोखपालाच्या खिडकीशी मामांनी पाकीट ठेवलं. "नऊ हजार. पावती होयी."

आतल्या मुलीने नोटा मोजल्या आणि अठरा चिप्स बाहेर सरकवल्या.

"चिप्स नको. पावती."

तिने समजावलं, या खिडकीत पैसे आले की चिप्स जातात, चिप्स आल्या की पैसे जातात. नुसतेच पैसे घ्यायची सोय सिस्टीममध्ये नाही. आजवर कुणी तसे द्यायला आलंच नव्हतं. मग काळ्या कोटातले साहेब आले. मामांना बघून ते आधी दोन पावलं मागे गेले. हेतू कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा फुलला, पण पावतीचं पुस्तक त्यांच्याकडेही नव्हतं. ते जरा विचार करून म्हणाले, हाउसला पैसे द्यायचा रस्ता आमच्याकडे एकच आहे, अंकल, आणि त्यांनी टेबलाकडे हात केला.

मामा टेबलाशी गेले. तीच मुलगी होती. मामांनी अठराच्या अठरा चिप्स एकावर एक रचल्या आणि सतराच्या चौकटीत, चारी बाजूंनी बोट फिरवून अंतर तपासत, बरोबर मधोमध ठेवल्या. मग साहेबांना बोलावलं.

"बघा. हद्दीत आसा?"

"पक्का, अंकल. बिलकुल अंदर."

"रेषेक लागाक नाय?"

"बिलकुल नहीं."

गोळी फिरली, उडाली, अडखळली आणि वीसमध्ये बसली.

मुलीने मामांची चवड ओढून घेतली. नऊ हजार रुपये मालकाकडे रीतसर परत गेले. होडीत मामा एक शब्द बोलले नाहीत. म्हापसा गेलं, धारगळ गेलं, पत्रादेवी गेली. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी थांबली.

"काय आसा गाडयेत?"

"काय नाय," मामा म्हणाले. नाका मागे पडल्यावर त्यांनी बोटांवर चाललेला हिशोब संपवला. "झिला, नव हजार रेषेर ठेवलंय आसतंय, तर एक लाख त्रेपन्न हजार."

"हो, मामा."

"हद्दीर होता ताच बरा होता."

कुडाळ येईपर्यंत पुन्हा शांतता. मग अचानक ते सावरून बसले. "पण पावती खंय दिल्यानी?"

"नाही दिली."

"म्हणजे पैसे पोचले ह्या तेंनी लेखी कबूल करूक नाय." कितीतरी तासांनी मामांच्या डोळ्यांत ती चमक परतली. "उद्याच रजिस्टर करूया."

ते पत्र गेलं आहे. उत्तर यायचं आहे, आणि मामा रोज अकराला पोस्टमनची वाट बघतात. सुट्टी संपली म्हणून मी निघालो त्या सकाळी अंगणात गडबड ऐकू आली. रात्रीच्या वाऱ्याने माडाचा एक नारळ पडला होता, आणि तो वईच्या बरोबर मधोमध अडकला होता. एका बाजूला मामा उभे, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ. हात कुणीच लावत नव्हतं.

मामांनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि कानात सांगितलं, "मोबाईल घे, माडार चढ, आनी वरसून फोटो काढ."